आधी एकच ‘पिक अप’ नीट उचला

इंग्रजी शिकणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे. ‘पाचशे फ्रेझल व्हर्ब्ज, मराठी अर्थासह’ अशा ज्या पुस्तिका आणि पीडीएफ सगळीकडे फिरत असतात, त्या काही दिवस बाजूला ठेवा. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, मधे एक रेघ. ही यादी घोकून परीक्षेतल्या गाळलेल्या जागा भरता येतात, हे खरं. पण मुलाखतीत, विमानतळावर किंवा दवाखान्यात समोरचा माणूस भराभर बोलायला लागला की त्या यादीतलं काहीही वेळेवर तोंडात येत नाही. कारण यादीत शब्द असतात, बोलणारी माणसं नसतात.

त्याऐवजी एकच क्रियापद घ्या आणि महिनाभर त्याच्या मागे लागा. माझा आग्रह ‘पिक अप’साठी आहे. का, ते सांगते.

एक तर हा शब्द तुमच्या घरात आधीच आलेला आहे. टॅक्सीचा ड्रायव्हर फोनवर विचारतो, “पिकअप कुठून आहे?” भाजी घेऊन मार्केट यार्डात जाणाऱ्या गाडीला शेतकरी पिकअपच म्हणतो. जुन्या मोटारसायकलबद्दल मेकॅनिक सांगतो की गाडीला पिकअप राहिलेला नाही. शाळेच्या व्हॅनवाल्या काकांचे पैसे ‘पिकअप-ड्रॉप’चे असतात. म्हणजे शब्द ओळखीचा, उच्चार सवयीचा. पण हे सगळे वापर नामाचे आहेत. तोच शब्द क्रियापद म्हणून वाक्यात घालायची वेळ आली की आपण बिचकतो आणि ‘रिसीव्ह’, ‘कलेक्ट’, ‘अटेंड’ असल्या जड शब्दांचा आधार घेतो. “आय विल कम टू रिसीव्ह यू अ‍ॅट द स्टेशन,” असं आपण म्हणतो. समजतं सगळ्यांना, चूकही नाही. पण ज्यांची इंग्रजी ही मातृभाषा आहे ते अशा वेळी “आय विल पिक यू अप फ्रॉम द स्टेशन” म्हणतात, आणि तुमच्याशीही तसंच बोलतात. तुम्ही जड इंग्रजी बोललात तर फारसं बिघडत नाही. त्यांचं साधं इंग्रजी तुम्हाला कळलं नाही, तर मात्र अडतं.

ही अडचण आपल्यातल्या कमतरतेमुळे आलेली नाही, हे आधी मनावर कोरून घ्या. आपलं इंग्रजी पाठ्यपुस्तकातून, कचेरीतून आणि कायद्याच्या कागदांतून आलं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या कित्येक पिढ्या वाढल्या; वाक्यरचनेचा पाया तिनं पक्का केला, पण रस्त्यावरचं बोलणं पुस्तकातून मिळत नसतं. महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी शिकलेल्यांची इंग्रजीशी गाठ पडायची पाचवीत, तीही फळ्यावर. इंग्रजीत मुळातच दोन थर आहेत. ‘पिक’, ‘गेट’, ‘पुट’, ‘टेक’ अशी आखूड क्रियापदं ही तिथल्या साध्या लोकांची जुनी बोली. १०६६ साली नॉर्मन राजवट आली आणि दरबार, न्यायालय, चर्च, विद्या यांच्याबरोबर फ्रेंच व लॅटिन वळणाचे शब्द इंग्रजीत शिरले. आपल्या वाट्याला मुख्यतः हा वरचा थर आला. खालचा थर इंग्रज माणूस आईकडून शिकतो.

आणि हा खालचा थर परक्याला छळतो, हे खुद्द इंग्रजांनी कधीच ओळखलेलं आहे. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला शब्दकोश काढला, तेव्हा प्रस्तावनेत त्यांनी लिहून ठेवलं की क्रियापदापुढे एखादा छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची इंग्रजीची रीत परदेशी माणसाला सगळ्यांत अवघड जाते. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव रूढ झालं ते फार नंतर, लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ च्या पुस्तकानंतर. ऑक्सफर्ड शब्दकोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते आपल्याला सुचवलं, असं स्मिथ यांनी नमूद केलं आहे. म्हणजे तुम्हाला जे जड जातं, ते जड आहे हे अडीचशे वर्षांपूर्वीच छापून आलेलं आहे. तेव्हा लाज कशाची?

शिवाय असलाच प्रकार आपण रोज सहज करतो. ‘बोलणे’ घ्या. तो खरं बोलून गेला, म्हणजे नकळत तोंडातून निघालं. तो बोलून बसला, म्हणजे आता पस्तावतो आहे. त्यानं बोलून टाकलं, म्हणजे मनावरचं ओझं उतरवलं. त्यानं बोलून दाखवलं, म्हणजे मनातलं मुद्दाम उघड केलं. पुण्यात नव्यानं राहायला आलेल्या तमिळ किंवा बंगाली शेजाऱ्याला या चारांतला फरक सांगून पाहा, घाम फुटतो. ‘जाणे’, ‘बसणे’, ‘टाकणे’, ‘दाखवणे’ या शब्दांचा सुटा अर्थ तिथे कामाला येत नाही. आपण मात्र हे कुठल्या तक्त्यावरून शिकलो नाही. कोण, कुणाला, कशाबद्दल म्हणालं हे ऐकत ऐकत शिकलो. ‘पिक अप’ही तसंच शिकायचं आहे.

आता ‘पिक अप’ निवडण्याचं दुसरं आणि खरं कारण. आपलं ‘उचलणे’ त्याच्यासोबत इतकं लांबपर्यंत चालतं की निम्मं काम आपोआप होतं. खाली पडलेली पेन्सिल उचल: “पिक अप द पेन्सिल.” तिनं फोन उचलला नाही: “शी डिडन्ट पिक अप.” पोलिसांनी त्याला पहाटे उचललं: “द पोलीस पिक्ड हिम अप अ‍ॅट डॉन.” इथे तर छटाही जुळते. बातमीत ‘अटक केली’ किंवा ‘ताब्यात घेतले’ येतं, पण चौकातला माणूस ‘उचललं’ म्हणतो, आणि इंग्रजीतलं ‘पिक्ड अप’ही तेवढंच चौकातलं आहे. हॉस्पिटलचा सगळा खर्च कंपनीनं उचलला: “द कंपनी पिक्ड अप द बिल.” कोकणातला मुलगा मुंबईत येतो आणि शेजारपाजारच्यांचं ऐकून वर्षभरात गुजराती उचलतो: “ही पिक्ड अप गुजराती फ्रॉम द नेबर्स.” गाण्याच्या शिक्षिका म्हणतात ना, हिनं चाल पटकन उचलली? तेच. या शेवटच्या अर्थात एक बारकावा आहे. ‘पिक अप’ केलेली भाषा ही वर्ग न लावता, कानानं मिळवलेली असते. तीन वर्षं कॉलेजात जर्मन शिकून पदवी घेतली असेल तर मुलाखतीत “आय पिक्ड अप जर्मन” म्हणू नका. तुमचे कष्ट तुम्हीच कमी करून सांगाल. तिथे “आय स्टडीड जर्मन” हेच बरोबर.

पण ‘उचलणे’चा हात कुठे सोडायचा, हेही ठाऊक हवं, नाहीतर उचलली जीभ लावली टाळ्याला असं होतं. ऊसतोड मजूर मुकादमाकडून घेतात ती उचल म्हणजे ‘अ‍ॅडव्हान्स’. तिचा ‘पिक अप’शी काही संबंध नाही. कुणी दुसऱ्याची कविता उचलली तर इंग्रजीत ती ‘लिफ्ट’ केली म्हणतात. जबाबदारी ‘टेक ऑन’ करतात. पाऊल उचलणं म्हणजे ‘टेक अ स्टेप’, आणि बायकोवर हात उचलणाऱ्याबद्दल बोलताना क्रियापद ‘रेझ’ लागतं. फोनच्या बाबतीतही जरा जपून. मराठीत फोन उचलणं म्हणजे आलेला फोन घेणं. इंग्रजीत नुसतं ‘पिक अप’ म्हटलं तर तोच अर्थ, पण “पिक अप द फोन अँड टॉक टू युवर मदर” असं कुणी म्हणालं, तर तो तुम्हाला आईला स्वतःहून फोन लावायला सांगतो आहे.

जिथे ‘उचलणे’ अजिबात पोचत नाही असा मोठा अर्थ म्हणजे जोर धरणे, सुधारणे. “द विंड पिक्ड अप,” वाऱ्यानं जोर धरला. “सेल्स पिक अप बिफोर दिवाळी,” दिवाळीच्या तोंडावर विक्रीला उठाव येतो. “द ट्रेन पिक्ड अप स्पीड,” गाडीनं वेग घेतला. मेकॅनिक ज्या पिकअपबद्दल बोलत असतो तो याच घरातला. वेगाचं वाक्य सोडलं तर इथे कोणी काही उचलत नाही, म्हणून ‘पिक अप’च्या पुढे कर्मही येत नाही. एवढी एक खूण लक्षात ठेवली की वर्तमानपत्रातलं अर्थविषयक पान वाचताना “डिमांड इज पिकिंग अप” पाशी अडायला होत नाही.

मला सगळ्यांत जास्त थांबायचं आहे ते दवाखान्यात. मुलं-मुली परदेशात आहेत, आईवडील तिकडे चार महिने राहायला गेले आहेत आणि तिथे कुणी आजारी पडलं, हे आता कितीतरी मराठी घरांत घडतं. इंग्लंडमधली नर्स किंवा डॉक्टर आजाऱ्याच्या माणसांशी सोपं बोलायचं म्हणून मोठे वैद्यकीय शब्द टाळतात आणि नेमकी अशी आखूड क्रियापदं वापरतात. त्यांच्या दृष्टीनं ते सोपं असतं. ऐकणाऱ्याला मात्र एकाच भेटीत ‘पिक अप’ तीन वेगळ्या अर्थांनी कानावर पडू शकतं, आणि त्यातल्या एका अर्थानं जीव भांड्यात पडतो, तर दुसऱ्यानं धस्स होतं.

“शी हॅज पिक्ड अप अ‍ॅन इन्फेक्शन.” इथे कर्ता आजारी माणूस आहे. तिला संसर्ग झाला आहे, बाहेरून काहीतरी लागलं आहे. सर्दी, खोकला, पोटाचा संसर्ग यांबद्दल असंच बोलतात. मधुमेह किंवा कॅन्सर मात्र कुणी असा ‘पिक अप’ करत नाही, कारण तो कुणाकडून लागत नाही.

“द स्कॅन पिक्ड अप अ शॅडो.” इथे कर्ता यंत्र आहे. तपासणीत काहीतरी सापडलं, नजरेस आलं. ‘शॅडो’ म्हणजे प्रत्येक वेळी वाईटच असं नाही, पण हे वाक्य ऐकलं की पुढचे प्रश्न विचारायला हवेत: कुठे, केवढी, पुढची तपासणी कोणती. डॉक्टर “वी पिक्ड इट अप अर्ली” म्हणाले, तर लवकर लक्षात आलं असा दिलासा ते देत आहेत.

“हर अ‍ॅपेटाइट इज पिकिंग अप.” इथे कर्ता भूक आहे, आणि पुढे कर्म नाही. भूक सुधारते आहे, अन्न जायला लागलं आहे. ही चांगली बातमी आहे, आणि ती घरी फोनवर लगेच सांगायची आहे.

तेव्हा तिथे गोंधळ झाला तर दोन गोष्टी पाहा: ‘पिक अप’च्या आधी कोण आहे, आणि पुढे कर्म आहे का? आजारी माणूस, यंत्र किंवा डॉक्टर, की भूक? अर्थ तिथून उलगडतो. तरीही शंका उरली तर गप्प बसू नका, मान डोलावून ‘येस येस’ तर मुळीच म्हणू नका. “डू यू मीन शी इज बेटर, ऑर वर्स?” एवढं विचारलं तरी पुरे. कुणीही तुम्हाला अडाणी समजणार नाही.

क्रिकेट पाहणाऱ्यांना तर घरबसल्या शिकवणी मिळते. इंग्रजी समालोचन लावा आणि कान द्या. गोलंदाजानं आणखी एक बळी मिळवला की “ही पिक्स अप अनदर विकेट”. स्टंप माइकनं खेळाडूंचं बोलणं टिपलं की “द स्टंप माइक पिक्ड दॅट अप”. बॅट हातात हलकी लागली तर तिचा पिकअप चांगला. पायांच्या रोखानं आलेला चेंडू लेगला सहज उचलून मारला की तो पिकअप शॉट. पण फलंदाजाला गुगली ओळखता आली नाही, तर समालोचक “ही डिडन्ट पिक इट” म्हणतो. तिथे ‘अप’ नाही. नुसतं ‘पिक’ म्हणजे निवडणं, वेचणं, ओळखणं. संघ निवडतात तेही ‘पिक’च. साडीच्या दुकानात बराच वेळ पारखून एक साडी निवडली तर “शी पिक्ड आउट अ सारी”, आणि जाता जाता सहज एक घेतली तर “शी पिक्ड अप अ सारी”. दुकान तेच, साडीही कदाचित तीच, पण खरेदीची तऱ्हा वेगळी.

व्याकरणाचा नियम खरं तर एकच सांगण्यासारखा आहे, पण तो मोडला की वाक्य लगेच खटकतं. कर्म नाम असेल तर ते ‘अप’च्या मागे किंवा पुढे कुठेही चालतं: “पिक अप द बॅग” किंवा “पिक द बॅग अप”. पण कर्म सर्वनाम असेल तर ते मधेच बसतं. “पिक इट अप”, “पिक मी अप”, “पिक देम अप”. “पिक अप इट” असं कोणी म्हणत नाही. आपल्याकडे ‘पिकअप’ हा एकजीव शब्द म्हणून आला, त्यामुळे तो मधे फोडायला जीभ तयार होत नाही. म्हणून हा नियम वहीत लिहून भागणार नाही, तोंडानं म्हणावा लागेल. पेन खाली टाका, उचलताना “पिक इट अप” म्हणा. मुलांसोबत केलंत तर खेळ होतो.

आणि म्हणताना तीन सुटे शब्द म्हणू नका. बोलताना ते एकमेकांत मिसळतात: ‘पिकिटप’. त्याला न्यायला जा, हे कानावर ‘पिकिमप’ असं येतं, कारण ‘हिम’मधला ‘ह’ भरभर बोलताना गळून जातो. ‘पिक हिम अप’ असं स्वच्छ ऐकू येईल म्हणून वाट पाहत बसलेल्या माणसाला ते वाक्य कधी येऊन गेलं तेच कळत नाही. मराठी माध्यमातली हुशार मुलं वाचलेलं सगळं समजतात आणि ऐकताना कोलमडतात, त्याचं हे फार मोठं कारण आहे. त्यांच्या शब्दसंग्रहाला दोष देऊ नका, त्यांना ऐकायला द्या.

लिहितानाही थोडं पाहा. नाम असेल तर एकत्र, ‘पिकअप’, आणि आघात पहिल्या भागावर. क्रियापद असेल तर दोन शब्द, आणि जोर ‘अप’वर.

एक सूचना स्पष्टच करते, कारण ती पुस्तकं सहसा करत नाहीत. अनोळखी स्त्रीशी किंवा पुरुषाशी शरीरसंबंधाच्या हेतूनं ओळख काढणं, यालाही ‘पिक अप’ म्हणतात. “आय पिक्ड अप माय सिस्टर फ्रॉम द बसस्टँड” यात काही वावगं नाही, कारण बहीण आहे आणि ठिकाणही सांगितलं आहे. पण वाटेत कुणा अनोळखी मुलीला गाडीतून सोडलं, मदत केली, आणि ऑफिसात येऊन “आय पिक्ड अप अ गर्ल” म्हणालात, तर ऐकणारे भलताच अर्थ घेतील. तिथे “आय गेव्ह हर अ लिफ्ट” म्हणा.

शब्दकोश वापरायची सवय नसेल तर ती या एका क्रियापदापासून लावा. साधा इंग्रजी-मराठी कोश इथे पुरत नाही. शिकणाऱ्यांसाठी केलेला कोश लागतो. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवत होते. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांना कशाची अडचण येते, हे त्यांनी वर्गात पाहिलं आणि त्यातून जो कोश तयार केला, तो ऑक्सफर्डनं १९४८ साली प्रसिद्ध केला. त्याच्या नव्या आवृत्त्या आजही निघतात, आणि फोनवर त्यातला शब्द फुकट पाहता येतो. ‘पिक’ उघडा आणि नोंदीच्या शेवटाकडे जा. ‘पिक अप’, ‘पिक आउट’, ‘पिक ऑन’ असे सगळे तिथे एकत्र मिळतात. काही ठिकाणी दोन्हीकडे टोक असलेला छोटा बाण दिसेल. त्याचा अर्थ, कर्म मागे-पुढे हलवता येतं. अर्थाखाली दिलेली उदाहरणं मोठ्यानं वाचा. अर्थ वाचला नाहीत तरी चालेल, उदाहरणं सोडू नका.

शिक्षकांना आणि घरच्या मोठ्यांना शेवटी एवढंच मागते. मूल येऊन विचारेल, “‘पिक अप’ म्हणजे काय गं आई?” चटकन ‘उचलणे’ सांगून त्याला वाटेला लावू नका. त्याला विचारा, “कुठल्या वाक्यात आलंय?” ते वाक्य त्याला वाचून दाखवू द्या, कोण कुणाला म्हणतंय ते सांगू द्या, आणि मग आपल्या घरी आपण ते मराठीत कसं म्हणू, हे दोघं मिळून शोधा. तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी हे तुम्ही करू शकता.